सासूबाईंजवळ कोण थांबलं होतं?

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच बाबतीत घडलेली आहे.

फक्त मैत्रिणीचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव बदललंय, कारण तिचा यात काडीचाही दोष नव्हता. बाकी नावं तशीच ठेवली आहेत. माझंसुद्धा.

या पेजवर सगळ्यांच्या गोष्टी रात्री घडतात. अमावस्या, बंद पडलेली गाडी, पिंपळाचं झाड. माझी भर दुपारची आहे. शुक्रवार, १४ जुलै २००६, दुपारचे बारा चाळीस. अमेरिकेतलं युटा राज्य, आय-सेव्हंटी हायवे. ग्रीन रिव्हर नावाचं गाव सोडलं की पुढे शंभर मैल काही नाही. गॅस स्टेशन नाही, घर नाही, फोनला सिग्नल नाही. लाल खडक आणि ऊन, एवढंच.

आणि आधीच सांगते, मला या गोष्टीत भीतीपेक्षा लाज जास्त वाटते. तुम्ही वाचाल आणि मला नावं ठेवाल. ठेवा.

तेव्हा आम्ही मिनेसोटात ईडन प्रेरीला राहायचो. मी, माझा नवरा प्रताप आणि आमची पाच वर्षांची रुही. प्रतापची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मिरजेहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. प्रताप एकुलता एक.

सासूबाई वाईट नव्हत्या. हे मी आज म्हणते. तेव्हा मला त्यांचं सगळंच खुपायचं. त्या फिकट साडीवर पांढरे स्नीकर्स घालून फिरायच्या. खाकरायच्या. गाडीत मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलायच्या आणि हात काढायच्याच नाहीत. "सुचित्रा, ते बघ. सुचित्रा, हे काय गं?" त्यांना डायबेटीस होता, त्यामुळे दर अर्ध्या तासाला थांबायला लागायचं.

लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण मी त्यांना एकदाही 'आई' म्हटलं नव्हतं. काहीच म्हणायचे नाही. "ऐकलं का", "जेवायला चला", "तुमचं औषध". आठ वर्षं असं हाक न मारता बोलायचं म्हणजेही कसरतच असते, पण मला ती चांगली जमली होती.

त्या जुलैत आम्ही आणि आमचे मित्र उल्का-सत्यजित असे मिळून ट्रिपला निघालो. लास व्हेगसपर्यंत विमान, तिथून दोन मिनीव्हॅन भाड्यानं. एकीत आम्ही, दुसरीत ते दोघं. आपली मंडळी अशा ट्रिपला कशी जातात ते तुम्हाला माहीत असेल. दोन गाड्या, एक राइस कुकर, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, आणि प्रत्येक थांब्याला या गाडीतली माणसं त्या गाडीत. कधी बायका एका गाडीत, कधी पुरुष एका गाडीत. कोण कुठे बसलंय ते कुणी मोजत नाही.

त्या सकाळी मोआबच्या मोटेलमध्ये नाश्ता करताना सासूबाई उल्काला म्हणाल्या, "प्रताप किती वाळलाय गं. लग्नाआधी कसा होता! हिला तरी कुठं वेळ असतो, नोकरी आहे ना तिची."

बस, एवढंच. त्यांनी ते हसत म्हटलं. उल्काही हसली.

पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. गाडीत बसायच्या वेळी मी प्रतापलाही ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाईंना म्हणाले, "तुम्ही उल्काच्या गाडीत बसा ना. तिथे पाय पसरून बसता येईल."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मी तिकडं बसू का मग?" एवढंच विचारलं. आणि आपली कापडी पिशवी घेऊन गेल्या. ती पिशवी त्यांच्या हातातून कधी सुटायची नाही. औषधं, कंगवा, माक्याच्या तेलाची बाटली, सगळं तिच्यात. टॉयलेटलासुद्धा त्या ती घेऊन जायच्या.

ग्रीन रिव्हर सोडल्यावर अर्ध्या तासानं आम्ही एका व्ह्यू पॉइंटला थांबलो. हायवेच्या कडेला पार्किंग, दोन सिमेंटची टेबलं, त्यांच्यावर छप्पर आणि एक टॉयलेट. पाण्याचा नळ नाही. तशी पाटीच होती, पाणी मिळणार नाही म्हणून.

गाडीतल्या काट्यावर बाहेरचं तापमान एकशे सात दिसत होतं. म्हणजे आपलं एक्केचाळीस-बेचाळीस.

सगळ्यांनी फोटो काढले. सासूबाई टॉयलेटला गेल्या. तेवढ्यात उल्का कपाळ दाबत माझ्याजवळ आली.

"सुचित्रा, काकूंना आता तुमच्याकडे घेशील का? माझं डोकं प्रचंड दुखतंय यार. मी मागे आडवी होते. त्या सारख्या बोलतात गं, मला झोप नाही लागणार."

मी मान हलवली.

हे नीट लक्षात ठेवा. मी मान हलवली.

उल्का जाऊन मागच्या सीटवर आडवी झाली. सत्यजित स्टिअरिंगवर बसून नकाशा बघत होता. आमच्या गाडीत रुहीला झोप येत होती, एसी चालू होता. प्रताप आत बसला आणि त्यानं मला विचारलं, "आई त्यांच्याच गाडीत ना?"

मी म्हणाले, "हो."

का म्हणाले?

मला वाटलं, त्या टॉयलेटमधून बाहेर येतील आणि ज्या गाडीतून आल्या तिच्याचकडे जातील. गाडी समोर उभी आहे. उल्काला त्यांना घ्यावंच लागेल. मला अजून दीड तास शांतता मिळेल. एवढाच हिशोब होता. देवाशपथ, त्यांना तिथे टाकून जायचं माझ्या मनात नव्हतं.

आमची गाडी आधी निघाली.

पार्किंगमधून वळताना माझ्या बाजूच्या आरशात टॉयलेटचं दार उघडलेलं दिसलं...

फिकट साडी. पांढरे बूट. पिशवी.

आणि त्यांच्यासमोरून सत्यजितची गाडीही निघाली. ती थांबली नाही. आमच्या मागे हायवेला लागली.

सासूबाईंनी हात वर केला होता.

हे मी बघितलं. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की माझं लक्ष नव्हतं. माझं लक्ष होतं. मी बघितलं आणि मी बोलले नाही.

पहिलं एक मिनिट मी म्हटलं, मला भास झाला असेल. मग वाटलं, आता सांगितलं तर प्रताप विचारेल, "मग तू हो का म्हणालीस?" मग वाटलं, सत्यजितनं त्यांना घेतलंच असेल, मला कोनातून दिसलं नसेल. थोड्या वेळानं त्यांची गाडी आम्हाला ओव्हरटेक करून गेली. सत्यजितनं हात हलवला. मागच्या काचा काळ्या होत्या, आत काही दिसत नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, बसल्यात त्या आत.

मागून रुहीनं विचारलं, "व्हेअर इज आजी?"

"उल्का मावशीच्या गाडीत."

"नो, शी इज नॉट."

"झोप तू," मी जरा ओरडूनच म्हणाले.

आणि तेवढ्यात... डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला.

नव्या गाड्यांमध्ये तो असतो. पुढच्या सीटवर कुणी बसलेलं नसलं, किंवा लहान मूल असलं, की तो दिवा लागतो. या सीटची एअरबॅग बंद आहे, असा त्याचा अर्थ. सीटखाली वजन कळायची सोय असते.

प्रतापनं बघितलं. "हे काय? तू नीट बस ना."

मी नीटच बसले होते. पट्टा लावून. मी सरकून बसले, पाठ टेकली, दोन्ही हातांनी सीट दाबली.

दिवा विझला नाही.

"भाड्याच्या गाड्या," प्रताप म्हणाला. "सेन्सर गेला असेल."

माझं वजन तेव्हा एकोणसत्तर किलो होतं. गाडीला ते कळत नव्हतं.

पुढचा तास कसा गेला ते सांगणं अवघड आहे. एसी फुल होता. बाहेर वाऱ्याचा आवाज. पण मला उकडायला लागलं. थंड हवा तोंडावर येत होती आणि तरी उन्हात बसल्यासारखं वाटत होतं. पायाखाली रबराची मॅट होती... पण तळव्यांना खडे टोचत होते.

"प्रताप, एसी चालू आहे ना?" मी विचारलं.

त्यानं उत्तर दिलं नाही.

मी परत विचारलं. तो समोर बघत गाडी चालवत होता. ऐकू न आल्यासारखा. तिसऱ्यांदा मी त्याच्या दंडाला हात लावला, तेव्हा तो दचकला. "काय गं? केव्हापासून गप्प बसलीयेस."

मागे रुही झोपेतून उठली. तिनं डोळे चोळले. तिच्या सीटवरून तिला मी पूर्ण दिसत होते, मी तिच्याकडे वळून बघत होते.

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "डॅडी, व्हेअर इज मम्मी?"

"बाळा, ही काय मी."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग सीटकडे बघितलं. आणि रडायला लागली.

मी तिला गप्प करायला हात पुढे केला, आणि मला वास आला. माझ्या हाताला. दोन्ही तळवे तेलकट झाले होते. नखांपर्यंत तेल.

माक्याचं तेल.

मी ओरडायला हवं होतं. गाडी थांबव, मागे फिरव, तुझी आई तिथे आहे. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी टिश्यूनं हात पुसले आणि टिश्यू दाराच्या कप्प्यात कोंबला. मला खूप भीती वाटत होती, पण प्रतापला काय सांगू याची भीती त्याहून मोठी होती.

सलायना नावाच्या गावात गॅस स्टेशनवर भेटायचं ठरलं होतं. सत्यजितची गाडी आधीच तिथे उभी होती. उल्का चेहरा धुऊन बाहेर आली. तिनं आमच्या गाडीत डोकावून बघितलं.

"काकू झोपल्यात का?"

प्रताप हसला. त्याला चेष्टा वाटली. "तुमच्याकडे आहे ना आई?"

उल्कानं वळून सत्यजितकडे बघितलं. मग प्रताप त्यांच्या गाडीकडे पळत गेला. दार उघडलं. मग डिकी उघडली. आई डिकीत कशी असेल? पण त्यानं तीही उघडली.

"सुचित्रा," उल्का म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं. तू मान हलवलीस."

सगळे माझ्याकडे बघत होते.

आणि मी म्हणाले, "कधी? तू मला काहीच बोलली नाहीस."

मी आणखी पुढे गेले. मी रडत म्हणाले, "त्या तुमच्या गाडीतून आल्या होत्या. निघताना बघायचं नाही का मागे?"

त्या दिवसानंतर उल्का माझ्याशी कधी बोलली नाही. तिचं बरोबर आहे.

गॅस स्टेशनवरून ९११ ला फोन केला. त्या बाईनं सांगितलं, माणूस पाठवतो, पण आमची जवळची गाडीसुद्धा लांब आहे. तिनं वय विचारलं. अडुसष्ट. आजार विचारला. डायबेटीस. जवळ पाणी आहे का? प्रतापनं माझ्याकडे बघितलं. त्यांची पाण्याची बाटली सत्यजितच्या गाडीत होती. फोनवरची बाई म्हणाली, तुम्ही निघा.

आम्ही उलटे निघालो. रुहीला उल्काजवळ ठेवलं. प्रताप शंभरच्या वर चालवत होता. मैल. त्याचे नुसते ओठ हलत होते. त्याला रामरक्षा येते हे मला त्या दिवशी कळलं.

पिवळा दिवा अजून लागलेला होता.

मी मनातल्या मनात म्हणत होते, त्यांना जिवंत ठेव. बाकी काही नको. त्या मेल्या तर मी मारलं. भाषा फिरवून काही होत नाही, मी मारलं.

तो व्ह्यू पॉइंट जाताना आमच्या उजव्या हाताला होता. आता तो पलीकडे, मधे मोठा पट्टा आणि दुसऱ्या बाजूचा रस्ता. लांबून छप्पर दिसलं. प्रतापनं वेग कमी केला, मान वळवली आणि जोरात ओरडला, "आई! बसलीय! बसलीय ती!"

मीही बघितलं. टेबलाशी त्या बसल्या होत्या. ताठ.

"कुणीतरी आहे तिच्याबरोबर," प्रताप म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कुणीतरी थांबलंय. थँक गॉड. कुणीतरी थांबलं."

होय. दोघी होत्या. एक बसलेली आणि एक तिच्या मागे उभी. मागची बाई पुढचीचे केस विंचरत होती...

मागच्या बाईनं निळा टी-शर्ट घातला होता.

मी माझ्या अंगाकडे बघितलं. निळा टी-शर्ट.

वळायला सहा मैल पुढे जावं लागलं, आणि सहा मैल परत. ती दहा मिनिटं मी दिव्याकडे बघत होते. आमची गाडी हायवे सोडून व्ह्यू पॉइंटच्या रस्त्याला लागली... आणि दिवा विझला.

माझं अंग एकदम जड झालं. सीटचा फोम दबल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

सासूबाई टेबलाशी एकट्याच होत्या.

प्रताप धावत जाऊन त्यांच्या पायांशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "अरे, रडतोस कशाला? असं काय करायचं? सुचित्रा होती की माझ्यापाशी."

प्रतापनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

सासूबाईही बघत होत्या. कौतुकानं. इतकं कौतुक त्यांच्या डोळ्यांत मी कधी बघितलं नव्हतं. "लई जीव लावला पोरीनं. पाणी आणलं कुठनं तरी. उन्हात पदर धरावा तशी ओढणी धरून बसली. आणि सारखं आई, आई. आठ वर्षांचं सगळं आजच म्हणून घेतलं बघ."

मी ओढणी वापरत नव्हते. पण त्यांच्या केसांची वेणी घट्ट आणि ताजी घातलेली होती, तेल लावून. त्यांच्याजवळ पाण्याची एक साधी काचेची बाटली होती. ती अजून गार होती. त्यांचे ओठ सुकलेले नव्हते, तोंड लाल झालेलं नव्हतं. तीन तास त्या बेचाळीस डिग्रीत बसल्या होत्या.

प्रताप हळूच मला म्हणाला, "उन्हानं भ्रम झालाय तिला. पाणी त्या बाईंनी दिलं असेल."

कारण तिथे एक बाई होती. पार्किंगच्या टोकाला एक ट्रेलर लावलेली गाडी उभी होती आणि एक म्हातारी अमेरिकन बाई कुत्र्याला फिरवत होती. प्रताप आईला धरून गाडीकडे नेत होता. मी आभार मानायला त्या बाईकडे गेले.

ती माझ्याकडे बघून हसली. "आली का तुमची माणसं? बरं झालं. मी मघाशी तुला म्हटलंच होतं, माझ्या ट्रेलरमध्ये येऊन बसा दोघी. तू ऐकेनास."

मी विचारलं, "मी?"

"मी तीन वेळा पाणी घेऊन आले. तू म्हणालीस, आहे आमच्याकडे." तिनं मला जरा निरखून बघितलं. "आता बरी दिसतेस. मघाशी किती रडत होतीस! मी माझ्या आयुष्यात कुणाला इतकं रडताना बघितलेलं नाही. हात तिच्या केसांतून फिरत होते आणि डोळ्यांतून नुसतं पाणी. मी विचारलं, काय झालं? तर म्हणालीस, मी फार वाईट वागले."

"आणखी काय म्हणाले मी?"

तिचं हसू कमी झालं. तिनं कुत्र्याची दोरी जवळ ओढली. कुत्रा माझ्या पायांशी येऊन हुंगत होता आणि मागे सरकत होता.

"तुला आठवत नाही?" ती म्हणाली. मग ट्रेलरकडे निघून गेली.

मी टेबलाजवळ गेले. खाली लाल बारीक माती होती. सासूबाईंच्या बुटांचे ठसे होते, टेबलापासून टॉयलेटपर्यंत. आणि त्यांच्याभोवती दुसरे ठसे. अनवाणी पायांचे. त्या तापलेल्या मातीत अनवाणी. टेबलाभोवती कितीतरी फेऱ्या मारलेल्या.

मी सँडल काढली आणि एका ठशात पाऊल ठेवलं.

बोटांपासून टाचेपर्यंत बसलं. पाय भाजला म्हणून लगेच उचलला. मग मी इकडेतिकडे बघितलं आणि पायानं सगळे ठसे पुसून टाकले. प्रतापला दिसू नयेत म्हणून.

पोलिसांची गाडी आमच्यानंतर दहा मिनिटांनी आली. त्यांनी साखर तपासली, बीपी बघितलं. सगळं ठीक. तो पोलीस म्हणाला, तुमचं नशीब.

तुम्ही म्हणाल, त्याच वेळी मी सगळं कबूल करायला हवं होतं. हो. पण झालं उलटंच.

सासूबाई गाडीत माझ्या शेजारी बसल्या, माझा हात हातात घेऊन. प्रतापनं रात्री मला जवळ घेतलं आणि म्हणाला, "बघ ना, एवढ्या उन्हात भ्रमातसुद्धा तिला तूच दिसलीस. मी नाही. म्हणजे मनातून तिला किती तुझा आधार वाटतो." तो त्यानंतर माझ्याशी फार प्रेमानं वागायला लागला. सासूबाईंनी मिरजेला परत गेल्यावर नात्यातल्या झाडून सगळ्यांना ते सांगितलं. वाळवंटात तीन तास सून कशी पायाशी बसली होती. लग्नाकार्यात बायका मला जवळ बोलवायच्या. आपल्या सुनांना दाखवायच्या. "ही ती सुचित्रा."

मी खाली मान घालून हसायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

नोव्हेंबर २००८ मध्ये सासूबाई खूप आजारी पडल्या. किडन्या गेल्या होत्या. दवाखान्यातून घरी आणलं होतं. आम्ही विमानानं पोचलो ती दुपारची वेळ होती. घर माणसांनी भरलं होतं. मी आत गेले तशा बायका बाजूला झाल्या. "सुचित्रा आली. जाऊ द्या तिला पुढे. तिच्यासाठीच जीव अडकलाय."

मी कॉटशेजारी खुर्चीत बसले. येताना विमानात मी ठरवून आले होते. सगळं सांगायचं. त्यांना तरी सांगायचं, कानात, दुसऱ्या कुणाला ऐकू जायला नको. मी वाकले. म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला बघितलं होतं. आरशात. तुम्ही हात वर केला होता."

त्यांनी डोळे उघडले. नजर एकदम स्वच्छ होती.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या.

मला रडू फुटलं. मी त्यांचा हात घ्यायला गेले. त्यांनी तो हळूच काढून घेतला. रागानं नाही. दुसऱ्या कुणासाठी ठेवलेली वस्तू बाजूला घ्यावी तसा.

"तू नव्हं गं," त्या म्हणाल्या. "ती कुठं आहे?"



त्या माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिल्या. बराच वेळ. मग... त्यांचा चेहरा खुलला. त्या पलीकडे सरकल्या, भिंतीच्या बाजूला. तेवढं सरकायचं बळ त्यांच्यात कुठून आलं, देव जाणे. कॉटच्या कडेला एका माणसाची जागा झाली.

"ये," त्या म्हणाल्या. "बस. दमलीस ना?"

कॉट करकरली. माझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर गादी खाली दबली.

मी मान वर केली नाही. शपथेवर सांगते, मी वर बघितलं नाही. मला फक्त गादीवरची चादर दिसत होती, तिच्यावर पडलेल्या सुरकुत्या, आणि सासूबाईंचा हात. बोटं अशी वाकलेली, जशी दुसऱ्याच्या बोटांत अडकवतो तशी. आणि अगदी जवळून कुणीतरी हुंदका आवरल्याचा आवाज आला. तो आवाज माझा होता. पण माझ्या तोंडातून आला नव्हता.

पाच-सात मिनिटांत त्या गेल्या.

प्रताप दारात उभा होता. त्याच्या मागे त्याच्या मावश्या, शेजारच्या बायका. सगळे रडत होते. तेराव्याला आणि नंतरही कितीतरी महिने लोक एकमेकांना तेच सांगत होते, की त्यांना मरण मात्र चांगलं आलं, शेवटपर्यंत सुनेच्या हातात हात होता. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय म्हणे.

मी तिथेच बसले होते. माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.